राणीछाप आणि हत्तीछाप

जुन्या नाण्याची किंमत काय, हा प्रश्न वऱ्हाडात चारचौघांत विचारू नये. विचारलाच, तर समोरचा माणूस आधी उठून दार लोटून घेतो, आत चहा टाकायला सांगतो आणि मग जवळ सरकून उलट आपल्यालाच विचारतो, "तुमच्यापाशी किती हायेत?" अमरावतीपासून अकोल्यापर्यंत कुठल्याही जुन्या घरात शिरा, आतल्या खोलीत, तुरीच्या पोत्यांमागे, फडक्यात बांधलेला एक पितळी डबा असतोच. डबा नसलेली घरं मी पाहिली आहेत. डबा नाही असं कबूल करणारं घर मात्र अजून पाहायचं आहे.

मी आयुष्यभर एका बँकेत कॅशियर होतो. म्हणजे चालू पैसे मोजायचं काम केलं. पण आमच्या नातेवाइकांचा तर्क असा की, ज्याला जिवंत पैसा कळतो त्याला मेलेला पैसाही कळलाच पाहिजे. डॉक्टरकडून भुतांची माहिती मागण्यापैकीच हा प्रकार. तरी नशिबाने बी.ए.ला माझा इतिहास होता आणि निवृत्तीनंतर वेळ भरपूर होता. त्यामुळे डबे माझ्याकडे येऊ लागले. त्यांतल्या एका डब्याची ही हकिगत आहे.

डबा माझ्या मोठ्या मामांचा. त्यांचं गाव मूर्तिजापूरच्या अलीकडे. एका बाजूला अकोला, दुसऱ्या बाजूला अमरावती. अशा मधल्या गावच्या माणसांची एक सवय असते. कापसाचा भाव असो, डोळ्याचं ऑपरेशन असो की मुलीचं स्थळ असो, चौकशी दोन्ही शहरांत करायची आणि विश्वास दोहोंवरही ठेवायचा नाही. डब्याच्या बाबतीतही तसंच झालं.

निमित्त असं झालं की मोठ्या मामांच्या नातीला अमरावतीला फार्मसीला प्रवेश मिळाला आणि फीची तारीख डोक्यावर आली. सोयाबीन त्या वर्षी पाण्यात गेलं होतं. चांदीचा भाव मात्र वर चढला होता. मधले मामा म्हणाले, डबा काढा, मोडून टाका, पोरीची फी भरा. यावर खरं म्हणजे कोणाचं काही म्हणणं असायला नको. पण धाकटे मामा आडवे आले. धाकटे मामा माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे. त्यांनी मोबाईलवर एक चित्रफीत पाहिली होती. तिच्यात एक गृहस्थ अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगत होते की, १८६२ सालचा एक रुपया ज्याच्याजवळ असेल त्याला दहा कोटी रुपये मिळतील.

डब्यात १८६२ सालचे रुपये निघाले एकोणतीस.

"एकोणतीस गुणिले धा," धाकटे मामा म्हणाले, "दोनशे नव्वद करोड. आन तुमी ते पन्नास हजारात मोडून राह्यले!"

आता बोला! दोनशे नव्वद कोटी घरात असताना फार्मसीची फी कुठून भरायची, या पेचात अख्खं कुटुंब पंधरा दिवस अडकलं होतं. फी नाही ती नाहीच, वर धाकट्या मामांनी 'नोंदणी'साठी कुणा भामट्याला फोनवरून एकवीसशे रुपये पाठवून ठेवले होते. त्या भामट्याने आपण रिझर्व्ह बँकेतून बोलतो असं सांगितलं होतं. वास्तविक २०२१ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतःच निवेदन काढून सांगितलं आहे की, जुनी नाणी आणि नोटा विकण्या-घेण्याचा धंदा आम्ही करत नाही, त्यासाठी कोणाकडून शुल्क मागत नाही. पण निवेदन वाचायला वेळ लागतो; चित्रफीत आपोआप सुरू होते. या चित्रफितींची निवडही मोठी नामी असते. २०१२ मध्ये वैष्णोदेवीच्या श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त सरकारने काढलेलं पाच रुपयांचं नाणं घ्या, की ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाचाची नोट घ्या. वस्तू अशी निवडायची की प्रत्येकाला वाटलं पाहिजे, अरे, ही तर आपल्याकडे होती, काल भाजीवाल्याला दिली!

तर डबा घेऊन आम्ही तिघे, म्हणजे मोठे मामा, धाकटे मामा आणि मध्ये मी, आधी अकोल्याच्या सराफ्यात गेलो.

सराफ मनुष्य जुन्या वळणाचा. त्याने डबा गादीवर पालथा केला, एक रुपया उचलून दगडावर आपटला, कान देऊन आवाज ऐकला आणि मान हलवली. मग उरलेले रुपये काट्यात घातले. साल नाही, चित्र नाही, काही पाहिलं नाही. धाकट्या मामांचा जीव खालीवर होत होता. ते म्हणाले, "अहो, राणी तं पाहा!"

"आमी राणी पाहात नाही साहेब, वजन पाहातो," सराफ म्हणाला.

याच्यात त्याचं काही चुकत नव्हतं. कंपनी सरकारने १८३५ साली सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला, त्याचं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. हेच वजन म्हणजे एक तोळा. आपल्या आज्या सोनं तोलायला दुसऱ्या पारड्यात कलदार रुपया टाकत, त्याचं कारण हे. रुपया हा पैसाही होता आणि वजनही होता. पुढे दशमान पद्धत आली आणि सराफाचा तोळा दहा ग्रॅमचा झाला. त्यामुळे झालं असं की, मोठ्या मामांच्या हिशेबाने चाळीस रुपयांचे चाळीस तोळे; सराफाच्या काट्यावर भरले साडेशेचाळीसच्या वर. मामांना वाटलं, सराफ भोळा आहे. मग सराफाने अकरा-बाराचा हिशेब केला, झीज धरली, बट्टा कापला, आणि आकडा पुन्हा चाळीसच्याही खाली आणून ठेवला. मामांची खात्री पटली की सराफ सराफच आहे.

आता त्या १८६२ बद्दल. एकाच डब्यात एकाच सालचे एकोणतीस रुपये निघतात, ही गोष्ट धाकट्या मामांना दैवी संकेतासारखी वाटत होती. खुलासा साधा आहे. राणीचं राज्य थेट सुरू झाल्यावर १८६२ मध्ये तिच्या मुकुटातल्या चित्राचा नवा रुपया निघाला आणि सरकारने पुढची दहा-बारा वर्षं त्यावरचं साल बदललंच नाही. दरवर्षी कोट्यवधी रुपये पाडत राहिले आणि साल तेच, १८६२. कॅलेंडर न बदलणारी काही घरं असतात, त्यातलाच प्रकार. मुंबईच्या टांकसाळीतून निघालेल्या काही रुपयांवर फुलांच्या नक्षीत बारीक ठिपके असतात. त्या ठिपक्यांवरून खरं वर्ष ओळखतात असं नाणी जमवणारे लोक मानतात. क्वचित एखाद्या ठिपक्याच्या मांडणीला चार पैसे जास्त येतात. बाकी हा रुपया म्हणजे हिंदुस्थानातला सर्वांत सामान्य जुना रुपया. त्याला दहा कोटी द्यायचे ठरवले तर एकट्या आमच्या तालुक्यात देशाचं अंदाजपत्रक खलास होईल.

पण हा रुपया वऱ्हाडातच इतका का सापडावा? ही गोष्ट मला चांदीच्या भावापेक्षा जास्त गमतीची वाटते. वऱ्हाड हे तसं निजामाचं. १८५३ साली निजामाने कर्जापोटी आणि फौजेच्या खर्चापोटी ते इंग्रजांच्या ताब्यात दिलं. पुढे १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपये भाड्याने कायमचं लावून दिलं. घरमालक हैदराबादला, भाडेकरू अमरावतीला, आणि राबणारे आम्ही. तर ताबा घेऊन आठ वर्षं होतात न होतात तोच, १८६१ साली, तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेतल्या संस्थानांचा कापूस बंदरात अडकला. मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी बसल्या, आणि साऱ्या जगाला एकाएकी आमची पऱ्हाटी दिसू लागली. चार वर्षं कापसाचे भाव असे चढले की, शेतकऱ्यांनी वखराला चांदीची पास लावली, बंड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा मारल्या, अशा कथा सांगत. धावा मी कोणाकडे पाहिलेल्या नाहीत. पण रुपये पाहिले. त्या कापसाचे पैसे रोख चांदीत आले आणि ते आले ते याच राणीच्या रुपयात. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला भिडली, तोवर तेजी सरलेली होती. ज्यांनी चांदी खर्चली त्यांची खर्चली. ज्यांनी डब्यात टाकली त्यांचे एकोणतीस रुपये दीडशे वर्षांनी आमच्या मांडीवर होते. मोठ्या मामांना मी हे सांगितलं, तर ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हंजे तेव्हा बी भाव पळायच्या आंधीच इकाले पाह्यजे होता."

अकोल्याचा आकडा खिशात घालून आम्ही अमरावतीला आलो. तिथे माझ्या ओळखीचे एक नाणी जमवणारे गृहस्थ राहतात. शाळेतून निवृत्त झालेले, कमालीचे सज्जन आणि कमालीचे स्पष्ट. त्यांच्याकडे एक भिंग आहे. ते डोळ्याला लावलं की त्यांचा सज्जनपणा मागे पडतो आणि स्पष्टपणा पुढे येतो.

त्यांनी पहिला रुपया भिंगाखाली धरला आणि विचारलं, "हे घासले कोणी?"

मोठी मामी सोबत आली होती. ती अभिमानाने म्हणाली, "मीनंच. दर लक्ष्मीपूजनाले. चिंच आन राख लावून. माह्या सासूबाई बी तसंच करत."

गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. जुन्या नाण्याच्या अंगावर काळाची जी काळसर साय धरते, तीच त्याची अब्रू. नाणं हौशी माणसाच्या हाती जायचं असेल तर त्याला पहिली किंमत ते किती कमी झिजलं आहे याची, आणि दुसरी ते किती कमी घासलं आहे याची. मामींच्या घरात तीन पिढ्यांच्या सुनांनी दरसाल राणीला अभ्यंगस्नान घातलं होतं. राणीचं नाक गेलं होतं, मुकुटाची टोपी झाली होती आणि मागची वेलबुट्टी म्हणजे नुसती सपाट पाटी. मामींना हे समजावून सांगणं मात्र कठीण. देवापुढे काळं नाणं ठेवायचं ही कल्पनाच त्यांना सहन होईना. "काया पैशाची पूजा करते का कोनी?" त्या म्हणाल्या. यावर आम्ही तिघे पुरुष काही बोललो नाही.

सात रुपयांना कड्या डाखलेल्या होत्या. माळेत ओवण्यासाठी. डाख दिलेलं नाणं म्हणजे हौशी मंडळींच्या लेखी सरळ दागिना झाला. नाण्यांच्या पंक्तीतून ते उठलं. सातव्या एडवर्डचे चार निघाले. या राजाचं रुपयावरचं चित्र बिनमुकुटाचं आणि टकलासकट आहे, त्यामुळे आमची आजी त्याला सरळ 'टकल्या' म्हणे. पण एका रुपयाने गृहस्थ खूश झाले. पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया. याची गंमत अशी की, त्या चित्रात राजाच्या अंगरख्यावर एक हत्ती काढला आहे. पण कारागिराच्या हातून सोंड आणि पाय असे काही बेतले गेले की लोकांना तो डुक्कर वाटला. हिंदू चिडले, मुसलमान चिडले. दोघे एकाच वेळी एकाच नाण्यावर चिडल्याचं हे बहुधा दुर्मिळ उदाहरण. सरकारने घाबरून रुपया मागे घेतला. चौऱ्याण्णव लाखांच्या आसपास पाडले होते, त्यांतले सातेक लाखच बाहेर गेले होते, बाकीचे वितळवले. १९१२ पासून हत्तीला व्यवस्थित सोंड आली. अकोल्याच्या काट्यात हा डुक्करछाप रुपया राणीच्या रुपयाएवढाच भरला होता. इथे त्याला वेगळा बाजूला काढून चांदीच्या कितीतरी वर भाव सांगण्यात आला. धाकट्या मामांचा चेहरा खुलला. "करोड?" त्यांनी विचारलं. गृहस्थ म्हणाले, "फीला हातभार लागंल."

मग हनुमान. हे नाणं धाकट्या मामांनी देवघरातून वेगळं उचलून आणलं होतं. जाड तांब्याचं, एका बाजूला उडता हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल. गृहस्थांनी भिंग खालीही उतरवलं नाही. कंपनी सरकारने असं नाणं कधी काढलंच नव्हतं. रामदरबाराची, हनुमानाची अशी 'नाणी' नंतरच्या लोकांनी पाडली आणि जत्रांतून, बाजारांतून खपवली. १८१८ साली, ज्या वर्षी पेशवाई बुडवली त्याच वर्षी, कंपनीने मारुतीची छबी काढून लोकांची समजूत घातली असती, तर इतिहास बराच सोपा झाला असता. मामी म्हणाल्या, "सरकारचा नसला म्हून काय झालं? मारुती तं मारुतीच हाये." आणि त्यांनी तो परत फडक्यात बांधला.

भोकाचे पैसे होते दहा-बारा, १९४३ ते ४७ च्या काळातले. महायुद्धात तांबं वाचवायला सरकारने पैशाच्या पोटालाच भोक पाडलं. खेड्यापाड्यांत लोकांनी ते पैसे नटबोल्टखाली वायसर म्हणून वापरले. त्यांची किंमत आजही जवळपास वायसरएवढीच आहे.

डबा रिकामा होत आला. तळाशी आठ काळे, वेडेवाकडे, बोराच्या आठोळीएवढे तुकडे उरले. अकोल्याच्या सराफाने ते बोटाने ढकलून दिले होते. "शिसं हाये का कथील, भंगारात टाका." मामांनी ते केवळ डब्यात होते म्हणून परत डब्यात टाकले होते. गृहस्थांनी त्यातला एक उचलला, खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ परत आलेच नाहीत. आले ते हळू आवाजात म्हणाले, "हे कुठं सापडले?"

आख्ख्या दिवसात 'कुठं सापडले' हा प्रश्न कोणी पहिल्यांदाच विचारला होता. तोवर सगळे 'केवढ्याला' विचारत होते.

भिंगातून मीही पाहिलं. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती, त्याच्या पाठीवरून कडेने जाणारी दोन-तीन अक्षरं. दुसऱ्या बाजूला अधिकाच्या चिन्हासारखी फुली आणि तिच्या चारी टोकांना वाटोळी. अक्षरं ब्राह्मी. ही सातवाहनांची नाणी, म्हणजे पैठणच्या ज्या घराण्यातला शालिवाहन मानून आपण पाडव्याला त्याच्या शकाचा उच्चार करतो, त्या घराण्याची. वय अठराशे वर्षांच्या घरात. धातू पोटीन, म्हणजे तांबं, कथील, शिसं यांची भेसळ. त्या काळीही हे किरकोळीचं नाणं असणार, भाजीबाजाराचं.

हे ऐकून धाकटे मामा उभेच राहिले. अठराशे वर्षं! १८६२ चे दहा कोटी, तर याचे किती? त्रैराशिक मांडायला त्यांनी मोबाईल काढला. पण नाण्याच्या बाजारात वयाला भाव नसतो. किती शिल्लक आहेत आणि किती जणांना हवी आहेत, एवढंच तिथं चालतं. विदर्भात ही नाणी बऱ्यापैकी सापडली आहेत. सुटं, झिजलेलं, अक्षर तुटलेलं पोटीनचं नाणं विकायला गेलात तर राणीछाप कलदाराची बरोबरीसुद्धा करणार नाही.

मग खिडकीपाशी एवढा वेळ उभं राहण्यासारखं त्यात काय होतं? ते कळायला तऱ्हाळ्याला जावं लागेल. तऱ्हाळा हे मंगरूळपीर तालुक्यातलं गाव. १९९८ पासून ते वाशीम जिल्ह्यात मोडतं. आधी अकोला जिल्ह्यात होतं. तिथे १९३९ साली असल्याच पोटीनच्या नाण्यांचा साठा सापडला, थोडीथोडकी नव्हे, सुमारे सोळाशे. धातूच्या भावाने पाहिलं तर दोन-चार कढया झाल्या असत्या. पण तो साठा नागपूरला वा. वि. मिराशी यांच्यासारख्या पंडिताच्या नजरेखालून गेला आणि त्यांनी १९४० मध्ये न्यूमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडियाच्या नियतकालिकात त्याची हकिगत छापली.

यात अडचण काय असते ती पाहा. या नाण्यांचा शिक्का मोठा आणि चकती लहान. त्यामुळे कुठल्याच नाण्यावर राजाचं पूर्ण नाव उतरत नाही. एकावर 'सिरि' येतं, दुसऱ्यावर मधली दोन अक्षरं, तिसऱ्यावर नुसतं शेपूट. एकटं नाणं म्हणजे फाटलेल्या लग्नपत्रिकेचा तुकडा. नवऱ्याचं नाव आहे की मंगल कार्यालयाचं, कळत नाही. पण शेकडो तुकडे एका जागी असले की एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडाला जुळवता येतं. तसं ते जुळलं. पुराणांत या घराण्याच्या राजांच्या याद्या आहेत, पण एका पुराणाची यादी दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. त्यातला विजय नावाचा राजा तऱ्हाळ्याच्या नाण्यांवर सापडला. म्हणजे पुराणकारांनी तो मनाने घातलेला नव्हता. आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी असे तीन राजे असे निघाले की ज्यांचं नाव कुठल्याच पुराणात नाही. तीन राजे! महाराष्ट्रावर राज्य करून गेले आणि कोणाला पत्ता नाही. ते सापडले भंगाराच्या भावाच्या धातूवर, कारण ती सोळाशे नाणी चार घरांत, चार डब्यांत, चार सराफांकडे गेली नाहीत.

म्हणून त्या गृहस्थांचा प्रश्न. कुठं सापडली, आणि आठच होती का?

मोठे मामा आठवून आठवून सांगू लागले. त्र्याहत्तरचा उन्हाळा, दुष्काळ. वावरातली विहीर आटली म्हणून बुढ्याने, म्हणजे माझ्या आजोबांनी, ती आणखी खोल न करता शेजारी नवी खणायला घेतली. तेव्हा मामा तिशीचे. ते स्वतः खाली होते. पुरुषभर खोलीवर कुदळ लागून एक काळं मडकं फुटलं. त्यात हे. "किती?" मामांनी दोन्ही ओंजळी जोडून दाखवल्या. शंभर, दीडशे, कोण मोजतो? सोनं नाही म्हटल्यावर सगळ्यांचं लक्ष पुन्हा पाण्याकडे गेलं. आणि खरंच, त्या उन्हाळ्यात पाणीच महाग होतं.

"मग बाकीचे?"

काही गड्यांनी नेले. पसाभर पूर्णेवरच्या मासे धरणाऱ्याने जाळ्याला बांधायला मागून घेतले. वजनाला बरे होते. उरलेले घरात आले. इथे मोठे मामा थांबले आणि धाकट्या मामांकडे पाहू लागले. धाकटे मामा त्या साली दहा वर्षांचे. (मी आजोळी नव्हतो, मला गोवर आला होता.) धाकटे मामा खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "नदीवर नेले म्या. पान्यावर भाकऱ्या खेळाले."

"सगळे?"

"लय सरसर जात," ते म्हणाले. "चपटे होते ना."

पाच-सहा टप्पे घेत पूर्णेच्या डोहात कोण कोण गेलं असेल, कुंभ की कर्ण की आणखी कोणी, ज्याचं नाव आता कळायचा संभव नाही, याचा मी विचार करत बसलो. धाकटे मामा कशाचा विचार करत होते ते सांगवत नाही. परतीच्या वाटेवर त्यांनी कोटीचा आकडा काढला नाही.

राणीचे रुपये अकोल्याला मोडले. डुक्करछाप अमरावतीला विकला. नातीची फी भरली. एक राणीछाप मामींनी लक्ष्मीपूजनासाठी ठेवून घेतला आणि तो पुन्हा घासणार नाही असं वचन काही दिलं नाही. राहिले आठ हत्ती. मधले मामा म्हणाले, ज्याला पाहिजेत त्याने घ्या. पण गृहस्थांनी जाताना मोठ्या मामांना आणखी एक गोष्ट सांगितली होती. १८७८ चा एक कायदा आहे, भूमिगत धनाचा. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. सरकारला ते ठेवून घ्यायचं झालं तर धातूची किंमत अधिक त्या किमतीचा एक पंचमांश, एवढी भरपाई. जुन्या नाण्याची किंमत ठरवण्याचं इतकं सोपं सूत्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आठ हत्तींचा धातू समजा चार रुपयांचा, त्यावर पंचमांश म्हणजे ऐंशी पैसे.

मधल्या मामांनी लगेच बारीक मुद्दा काढला. ते कोर्टकचेरीत मुरलेले. "धा रुपयाच्या वर किंमत असंन तं कळवाचं ना? सराफ तं म्हनते भंगार हाये. मंग कायले कळवाचं?"

मुद्दा बिनतोड होता. शिवाय पन्नास वर्षं झाली, आता कोण विचारतो, हेही होतंच. आम्ही सगळे गप्प बसलो. मोठे मामा मात्र उठले, नातीच्या वहीतला एक कागद फाडून घेतला आणि चष्मा लावून लिहायला बसले. कायद्याप्रमाणे अर्जात तीन गोष्टी लागतात: काय सापडलं आणि अंदाजे किंमत, कुठे सापडलं, कधी सापडलं. मामांनी किमतीची जागा कोरी सोडून आधी बाकीचं लिहिलं. ठिकाण त्यांनी असं लिहिलं की सरकारी मोजणीदारानेही लिहिलं नसतं: गट नंबर, जुन्या विहिरीपासून उगवतीला बावीस पावलं, पहिला हातभर काळी माती, खाली पांढरी, तिच्यात राख आणि खापराचे तुकडे, मग मडकं. खापरं आणि राख यांचं आम्हाला कोणी बोललं नव्हतं. पन्नास वर्षं ते त्यांच्या डोक्यात तसंच पडून होतं. तारीख लिहिली: अक्षय तृतीयेनंतरचा तिसरा दिवस, सन १९७३. किती होते त्यात 'दोन ओंजळी' आणि शिल्लक किती त्यात 'आठ'. मधल्या ओळीत धाकट्या मामांचं नाव येणार असं दिसताच ते उठून बाहेर गेले.

शेवटी किमतीची जागा राहिली. मधले मामा वाकून पाहत होते. दहाच्या आत लिहिलं तर अर्ज करायचं कारण नाही, आणि वर लिहायचं तर आधार काय?

मोठ्या मामांनी पेन झटकलं आणि लिहिलं: रुपये अकरा.